दुपारचं जागरण

३ मे

मामा,

लांबूनच पाया पडते. समोर असते तर नेहमीसारखे पाय मागे घेऊन म्हणाला असतास, "लोखंडी बूट आहेत, डोकं आपटेल." फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी "बढती" म्हटलं आणि तू "भरती कुठे आहे?" असं तीनदा विचारलंस. तीस वर्षं इंजिनांशेजारी उभं राहून तुझ्या कानांची जी वाट लागली आहे, तिच्यापुढे मी हात टेकले. यापुढे कागदच बरा.

तर बढती मिळाली! आणि परवाना कार्यालयात माझ्या टेबलावर पहिलंच काम आलं ते तुमच्या अणुवीज केंद्राचं. तुमच्या भट्टीला आणखी वीस वर्षांचा परवाना हवा आहे. त्यासाठी आम्ही सगळ्या केंद्राचं जोखमीचं गणित मांडतो. काय बिघडू शकतं, किती वेळा बिघडू शकतं, आणि एकाच वेळी काय काय बिघडलं तर गोष्ट हाताबाहेर जाईल. त्यातलं आपत्कालीन डिझेल इंजिनांचं प्रकरण माझ्याकडे आहे. माझा मामा तिथेच फिटर आहे, हे मी पहिल्याच दिवशी लिहून दिलं. साहेब चष्म्यावरून बघून म्हणाले, "फिटरचा काय संबंध? आकडे रजिस्टरमधून येतात."

रजिस्टर आलं. अकरा वर्षं, दर महिन्याच्या बारा तारखेला दोन्ही इंजिनांची चाचणी. दोनशे चौसष्ट वेळा बटण दाबलं आणि दोनशे चौसष्ट वेळा इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. जवळजवळ प्रत्येक पानावर तुझी ती गांडुळासारखी सही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी ती मुद्दाम दाखवली. पण मामा, खरं सांग, असं इंजिन असतं का रे?

आई तुझ्याजवळ आहे म्हणून मला इथे निवांत झोप लागते. तिला सांग, स्वेटर मिळाला, बाह्या पुन्हा लांब झाल्या आहेत.

तुझी
खडूबाई


११ मे

खडूबाई,

पाठीवर जोरात थाप. तुझे वडील गेल्यावर तुम्ही दोघी माझ्याकडे आलात, तेव्हा तू दिवसभर या क्वार्टरच्या फरशीवर खडूने बेरजा लिहायचीस आणि बेरीज चुकली की खडू खायचीस. ताईला मी तेव्हाच म्हटलं होतं, ही पोर एक तर गणितात नाव काढेल नाहीतर पोटदुखीने दवाखान्यात जाईल. गणित जिंकलं म्हणायचं.

तुझ्या साहेबांना फिटरचा संबंध काय तो सांग. बाहेरची वीज गेली की भट्टी आपोआप बंद होते, पण आतली धग बंद होत नाही. ती दिवसच्या दिवस राहते. तिच्यावरून पाणी फिरतं ठेवावं लागतं, पाण्याला पंप लागतात, पंपांना वीज लागते. ती वीज आमच्या दोघी देतात. कागदावर त्या एक नंबर आणि दोन नंबर, पण शेडमध्ये थोरली आणि धाकटी. एक चालली तरी भागतं. दोघीही नाही चालल्या तर काय, ते तू मला सांगायचं.

इंजिन असं असतं का विचारतेस. माझ्या हाताखाली असतं. मी त्यांना कानांनी नाही, तळपायांनी ऐकतो. सुट्टीच्या दिवशी क्वार्टरच्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो तरी एक चालू आहे की दोन, ते बिनचूक सांगतो. आणि माझ्या सहीवर एकही खोटी नोंद नाही, हे शेजारच्या बाईंनाही सांग.

उद्या बारा तारीख, म्हणून आज जागरण झालं. कागदाला तेलाचा वास येईल, तेवढा चालवून घे. ऑगस्टअखेर निवृत्त होतो आहे. मग जागरणंही संपली आणि वासही संपला.

मामा


२० मे

मामा,

पत्र टेबलावर उघडल्याबरोबर सगळ्या खोलीला तुझ्या शेडचा वास आला. साहेबांनी खिडकी उघडायला लावली.

आधी भांडण. वय काय तुझं? चाचणीच्या आदल्या रात्री जागरण कशाला? इंजिनं काय बाळंतीण आहेत, रात्रभर उशाशी बसायला? माझी शपथ आहे तुला, यापुढे जागरण करायचं नाही. आईलाही वेगळं लिहिलं आहे.

आता गंमत ऐक. तुझ्या रजिस्टरमध्ये अपयशाच्या रकान्यात शून्य आहे, पण आम्हाला शून्य वापरता येत नाही. दोनशे चौसष्ट वेळा बिघडलं नाही म्हणजे कधीच बिघडणार नाही, असं नसतं ना? म्हणून आम्ही अर्धं अपयश धरतो. कुठेही न घडलेलं, नुसतं कागदावरचं. त्यावरून एक इंजिन सुरू न होण्याची शक्यता साधारण पाचशे तीसांत एकदा येते. दोन्ही एकाच वेळी सुरू न होण्याची शक्यता मी कडक हिशेबाने, म्हणजे दोघींना एकच रोग होऊ शकतो असं धरून काढली. दहा हजारांत एकदा. साहेब एवढे खूश झाले की खिडकी स्वतः उठून बंद केली.

एक प्रश्न राहिला. दोन्ही इंजिनांची देखभाल वेगवेगळी माणसं करतात ना? तसं लिहिलं की ते कलम पुरं होईल.

खडूबाई


२ जून

खडूबाई,

तुझ्या शपथेपायी ताईने काल साडेनऊलाच माझ्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं आणि दिवा मालवला. शेडमध्ये सांगितलं तर फोरमन हसून हसून खाली बसला. जागरणावरून एवढं रामायण होईल असं वाटलं नव्हतं.

मला एक सांग. ते दहा हजारांत एक तू काढलंस, ते सगळं आमच्या रजिस्टरवरूनच काढलंस? दुसरीकडे कुठे इंजिन खोलून, तपासून वगैरे बघत नाहीत? मला वाटायचं, ते रजिस्टर भरलं की कपाटात जातं. आजवर कुणी ते उघडून माझ्यासमोर एक प्रश्न विचारलेला नाही.

दुसऱ्या एका ठिकाणचं विचारतो. समजा एखाद्या शेडमध्ये सगळंच रजिस्टरमध्ये लिहीत नसतील, तर तुमच्या गणिताला ते कळतं का?

मामा


९ जून

मामा,

या वयात तुला गणिताची गोडी लागली हे बघून फार छान वाटलं! नाही, गणिताला काही कळत नाही. त्याला जे दिलं तेवढंच ते खातं. रजिस्टरमध्ये दहा अपयशं लपवली असतील तर आम्ही इथे बसून सुबक तक्ते काढत राहू आणि तक्ते छान दिसतील. म्हणून तर तुझ्यासारखी माणसं लागतात. त्या "दुसऱ्या ठिकाणी" कोण तुझा मित्र आहे ते माहीत नाही, पण त्याला म्हणावं, खरं लिही.

माझा मसुदा वर गेला. पंचवीस जुलैला बैठक आहे. तिथे माझ्या प्रकरणावर मी सही केली की परवाना जवळजवळ झालाच.

देखभाल वेगवेगळी माणसं करतात का, ते तू सांगितलंच नाहीस. विसरभोळा झाला आहेस. मी "होय" असं धरून लिहिलं आहे.

खडूबाई


४ जुलै

खडूबाई,

महिना झाला, तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं. हे फाडण्याआधी पेटीत टाकायचं असं ठरवून बसलो आहे.

जागरण रात्री नसतं. दुपारी चार वाजता असतं. जागरण म्हणजे मी जागणं नव्हे, इंजिनाला जागवणं. हा आमच्या शेडचा शब्द आहे. चाचणी बारा तारखेला, म्हणून अकराच्या दुपारी आम्ही दोघींना जागवतो. इंजिन दाबलेल्या हवेने सुरू होतं. ती हवा टाक्यांमध्ये भरलेली असते आणि दमट हवा असली की टाक्यांच्या तळाला पाणी साचतं. ते पाणी झडपेत गेलं की इंजिन नुसतं उसासा टाकतं आणि गप्प बसतं. म्हणून अकरा तारखेला तळाचा कॉक उघडून पाणी काढायचं, तेल गरम करायचं, इंजिन हाताने फिरवायचं आणि एकदा सुरू करून बघायचं. नाही झालं तर दुरुस्त करायचं. मग बाराला मोठे साहेब हातात घड्याळ धरून उभे राहतात, बटण दाबलं जातं आणि रजिस्टरमध्ये "सुरू झालं" लिहिलं जातं. खोटं काहीच नाही. सुरू झालेलंच असतं.

अकरा तारखेचं कुठेच लिहीत नाहीत. मी या शेडमध्ये आलो तेव्हाही हीच पद्धत होती. सगळ्यांना ठाऊक आहे आणि विचारलं तर कुणालाच माहीत नाही. पाहुणे यायच्या आधी घर झाडावं, तितकंच मला ते वाटायचं. इंजिनं चांगली राहावीत म्हणून तर करतो, असं वाटायचं. तुझं मे महिन्याचं पत्र वाचेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही की खऱ्या वेळी वीज आदल्या दिवशी कळवून जात नाही. खऱ्या वेळी त्यांना कुणीही जागवलेलं नसणार.

माझ्याकडे एक वही आहे. माझ्यापुरती, कुठला भाग कधी बदलला ते लक्षात राहावं म्हणून. तीत दर अकरा तारखेचं सगळं आहे. "थोरली रुसली. टाकीत पाणी. काढलं. दुसऱ्यांदा सुरू." असं. परवा मोजलं. अकरा वर्षांत एकोणीस वेळा रुसल्या. त्यातले पाच दिवस असे की दोघीही एकदम रुसल्या.

आणि देखभाल वेगवेगळी माणसं करत नाहीत. दोघींना मीच बघतो. एकाच दिवशी, याच हातांनी.

मी विसरभोळा झालो नव्हतो, पोरी. मला लाज वाटत होती.

या अकरा तारखेला जागवणार नाही असं ठरवलं आहे. हात लावणार नाही. बाराला साहेबांसमोर जे व्हायचं ते होऊ दे. इंजिनच बोलेल, मग माझ्या तोंडाने बोलायची गरज नाही.

मामा


८ जुलै

मामा,

पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसले. शेजारच्या बाईंनी पाणी आणून दिलं.

रागावले आहे. खूप रागावले आहे. आणि मला कळतही नाही की तुझ्यावर रागावले आहे की स्वतःवर. तू पहिल्याच पत्रात "जागरण" लिहिलं होतंस आणि मी शहाणी, तुला लवकर झोपायला सांगत बसले.

रात्री गणित पुन्हा मांडलं. एक इंजिन: चौदांत एकदा. दोन्ही एकदम: एकशे बत्तीस दिवसांत पाच, म्हणजे सव्वीसांत एकदा. मी लिहिलं आहे दहा हजारांत एकदा. हे दोन आकडे मी एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि कागद पालथा घातला.

तुझं नाव न घेता साहेबांना विचारलं. म्हणाले, बिनसहीची खाजगी वही म्हणजे ऐकीव गोष्ट, तिच्यावर परवाना अडत नाही. ज्याने लिहिली त्याने प्रत्येक नोंदीखाली सही केली तर तो पुरावा. म्हणून मामा, एकोणीस सह्या कर आणि मूळ वही पाठव. पंचवीसच्या आत.

मला माहीत आहे मी काय मागते आहे. चौकशी लागेल. तीस वर्षांची नोकरी आणि शेवटचा महिना असा जाईल. क्वार्टर लगेच सोडावं लागेल, आईसकट. हे सगळं कळून मागते आहे.

आणि एका चाचणीवर भरवसा ठेवू नकोस. इंजिनं तुझ्या वतीने बोलणार नाहीत.

खडूबाई


१२ जुलै

खडूबाई,

दोघी सुरू झाल्या!

काल हात लावला नाही. पाणी काढलं नाही, तेल गरम केलं नाही. फोरमन दोनदा माझ्या तोंडाकडे बघून गेला. आज दहा वाजता बटण दाबलं आणि थोरली पहिल्या फटक्यात, तिच्या मागोमाग धाकटी. माझ्या तळपायांना ते जे वाटलं, ते मी तुला सांगू शकत नाही. शेडच्या मागे जाऊन रडलो.

आता मला सांग, सह्या खरंच हव्यात का? ताईने परसात नवी रोपं लावली आहेत. तिला यातलं काही माहीत नाही.

मामा


१५ जुलै

मामा,

मामा रे. चौदांत एकदा रुसतं, याचा अर्थ तेरा वेळा सुरू होतं. परवाची वेळ त्या तेरांतली होती. गेला आठवडा तुमच्याकडे कोरडी हवा होती, आईनेच लिहिलं आहे, कपडे तासाभरात वाळतात म्हणून. इंजिनांनी तुला क्षमा केलेली नाही. त्या फक्त त्या दिवशी रुसल्या नाहीत. आणि रजिस्टरमध्ये आणखी दोन यशं जमा झाली.

वही पाठव. सही करून. मी दुसरं काही लिहीत नाही.

खडूबाई


२५ जुलै, संध्याकाळ

मामा,

वही आली नाही. रोज सकाळी टपालाच्या टोपलीपाशी उभी राहायचे. शिपाई मला बघूनच मान हलवायचा.

दुपारी तीन वाजता बैठक बसली. पहिल्या दहा मिनिटांतच माझं प्रकरण आलं. साहेबांनी विचारलं, "आकडा कायम?" माझ्या फायलीत तुझं चार जुलैचं पत्र होतं. तेवढंच वाचून दाखवलं असतं तरी निदान बैठक पुढे ढकलली गेली असती. मी फायलीवर हात ठेवून बसले. डोळ्यांसमोर आईची रोपं आली, तू शेडच्या मागे रडतोस ते आलं, चौकशीवाल्यांसमोर ऐकू न आल्याने प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायला लावणारा तू आलास. मी म्हटलं, "कायम." आणि सही केली.

वीस वर्षांचा परवाना मिळाला. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं.

तुझ्यावर ढकलत नाही. वही आली नाही हे निमित्त झालं. मी भित्री आहे, मामा. लहानपणी बेरीज चुकली की खडू खायचे, ते चूक कुणाला दिसू नये म्हणून. आज तेच केलं.

आता तू निवांत निवृत्त हो. यावर आपण पुन्हा बोलायला नको.

खडूबाई


२६ जुलै

खडूबाई,

या पत्रासोबत वही आहे. उशीर झाला, बैठक काल होऊन गेली असेल. तरी पाठवतो आहे. का, ते वाच.

काल माझी सुट्टी होती. आठ दिवस हवा अशी दमट आहे की भिंतींना हात लावला तर हात ओला होतो. तीन वाजून दहा मिनिटांनी पंखा थांबला. ताई म्हणाली, "गेली वाटतं." मी चपला काढल्या आणि फरशीवर उभा राहिलो. दहा सेकंद मोजले. फरशी गप्प. वीस मोजले. ताई काहीतरी बोलत होती, मी हाताने तिला थांबवलं. तीस मोजले. तीस वर्षांत पायांखालची जमीन एवढी मेलेली मला कधी लागली नव्हती. तसाच अनवाणी पळालो.

फाटकावरच्या माणसाने पास विचारला नाही, त्याचाच चेहरा पांढरा पडला होता. शेडमध्ये बॅटरीचे दिवे तेवढे होते. फोरमन बटण दाबत होता. पुन्हा पुन्हा. टाकीतली हवा पाच खेपांना पुरते. धाकटीची पाचही संपवली होती. थोरलीच्या चार झाल्या होत्या आणि त्याचा अंगठा पाचव्यांदा बटणावर होता. मी त्याला ढकललं. आयुष्यात कुणाला असं ढकललं नव्हतं. तळाचा कॉक उघडला, पाणी धो धो आलं, माझे पाय घोट्यापर्यंत भिजले. झडप खोलली, पुसली, बसवली. बाजूचा फोन सारखा वाजत होता म्हणे, मला ऐकू आला नाही. बरंच झालं. मग शेवटच्या खेपेची हवा सोडली.

थोरली उठली. एकटीच. लाईन जाऊन बावीस मिनिटं झाली होती. आणखी किती वेळ होता ते मला कुणी सांगितलं नाही. पण नियंत्रण कक्षातले दोघे बाहेर आले आणि पायरीवर बसून राहिले, ते मी पाहिलं.

आता सर्वांत वाईट सांगतो. अकरा जुलैला मी नेहमीसारखं टाक्यांचं पाणी काढलं असतं, तर कालपर्यंत एवढं साचलं नसतं. इंजिनाच्या तोंडून खरं वदवायला गेलो, तेवढंच पाणी आत राहिलं. खरं माझ्या तोंडाने बोलायचं होतं. ते मी इंजिनावर टाकलं.

फोरमनने रजिस्टरमध्ये लिहिलं, "लाईन गेली. इंजिन क्रमांक एक सुरू झालं." वेळेचा रकाना त्यात नाही. धाकटीबद्दल काहीच लिहिलं नाही. मला म्हणाला, "झालं ना सुरू?"

घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. मे महिन्यापासूनचं, तुझी पत्रंही वाचून दाखवली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग उठली, पेन आणून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "घर दुसरं मिळेल. कर सही."

एकोणीस नोंदींखाली एकोणीस सह्या केल्या. विसावी नोंद कालची, थोरलीची. एकविसावी कालचीच, धाकटीची. सह्या वळवळीत आहेत, पण सगळ्या माझ्या आहेत. मोजून घे.

मामा


२९ जुलै

मामा,

वही मिळाली. मोजल्या. एकवीस आहेत.

माझं पंचवीसचं पत्र एव्हाना तुला मिळालं असेल. ते लिहिलं तेव्हा पायरीवर बसलेले ते दोघे कदाचित अजून तिथेच बसलेले असतील. दुपारी तू अनवाणी उभा राहून सेकंद मोजत होतास आणि मी पेनाचं टोपण काढत होते. हे मला आता जन्मभर पुरेल.

केंद्राचा अहवाल इथे काल आला. एकच ओळ: बाहेरची वीज खंडित, आपत्कालीन इंजिनाने पुरवठा घेतला. साहेबांनी ती मला वाचून दाखवली आणि म्हणाले, "बघा, तुमच्या गणिताला आणखी एक यश."

एकविसाव्या नोंदीखाली जागा होती. तिथे मी बाविसावी लिहिली. तारीख पंचवीस जुलै, वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. "खरा आकडा माहीत असून खोट्या आकड्यावर सही केली." खाली माझं पूर्ण नाव. ते बाविसावं अपयश इंजिनाचं नाही. आता वही घेऊन साहेबांकडे जाते आहे, त्यांनी दार लावून घेतलं तर त्यांच्या वरच्यांकडे. दिलेला परवाना परत घ्यायला किती दिवस लागतात ते इथे कुणालाच सांगता येत नाही, कारण आजवर कुणी मागितलेला नाही. तोवर भट्टी चालूच राहणार.

आईला पहिल्या गाडीने इकडे पाठव. रोपांचं कारण सांगेल, ऐकू नकोस. तसंही तुला ऐकू येत नाही.

तू मात्र येऊ नकोस. तिथे दुसऱ्या कुणाच्या पायांना ती फरशी कळत नाही. तुझा पास काढून घेईपर्यंत रोज शेडमध्ये जा. बारा तारखेची वाट बघू नकोस. रोज दुपारी चार वाजता टाक्यांचं पाणी काढ, तेल गरम कर, दोघींना हाताने फिरव. बाहेर पुन्हा ढग आले आहेत आणि माझ्या खिडकीच्या काचेला आतून पाणी सुटलं आहे. तुमच्याकडेही सुटलं असेल.

मे महिन्यात मी तुला शपथ घातली होती, ती परत घेते. मी येईपर्यंत जागरण कर, मामा.

खडूबाई